खुंटीवरचे कोट

शिकागोपासून लांब, मक्याच्या मुलखात थोरूप नावाच्या माणसाचं नाचघर होतं. आत शिरलं की डाव्या भिंतीला कोट टांगायच्या खुंट्या होत्या. दोनशे चाळीस. कुठल्या खुंटीला कुणाचा कोट असतो, हे वर्ला हिनरिक्सला तोंडपाठ होतं. आता गाणाऱ्या बाईला लोकांच्या कोटांशी काय करायचंय, असं कुणीही विचारेल. पण त्या काळी बँडमधल्या गायिकेला गाण्याचं काम थोडं आणि बसण्याचंच फार. तीन मिनिटांचं गाणं असलं तर बँड आधी ते एकदा अख्खं वाजवणार. मग गायिकेने उठायचं, माइकपाशी जायचं, पाऊण मिनिट गायचं, मान लववायची आणि परत खुर्चीत येऊन बसायचं. गुडघे जुळलेले, हात मांडीवर, चेहऱ्यावर हसू. रविवारचा नाच दुपारी एक ते पाच. त्यातले सव्वातीन तास तरी वर्ला नुसती खुर्चीची शोभा.

बँडचा मालक वेंडल ग्रूबे तिला म्हणायचाच, "वर्ला, तू फुलदाणी आहेस. मधूनच गाणारी."

फुलदाणीला डोळे असतात, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. तो स्वतः वादकांकडे तोंड करून उभा राहायचा, म्हणजे लोकांकडे पाठ. वादकांचे डोळे कागदावर. नाचणाऱ्या चारशे पायांकडे सबंध दुपारभर बघणारं माणूस एकच, आणि तिला दुसरा उद्योग नव्हता. बघून बघून वर्लाला नाद लागला. नवे बूट घातलेला माणूस जलद गाण्याला बसून राहतो. ज्याचं मक्याचं पीक बरं आलंय, तो टाचेवर नाचतो. ज्याचं गेलंय तो चवड्यांवर. आणि खुंट्यांचं तर विचारूच नका. हार्म यान्सेन हा शेतकरी आपला कोट नेहमी दाराजवळच्या पहिल्या खुंटीला टांगायचा, निघताना आधी हाताला लागावा म्हणून. त्याची बायको टेना मात्र आपला कोट पार शेगडीजवळच्या शेवटच्या खुंटीला, घालताना ऊब लागावी म्हणून. नवराबायकोच्या कोटांमध्ये एवढं अंतर अख्ख्या नाचघरात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. वर्लाला पाच वर्षं कोडं पडलेलं, या दोघांचं घरात कसं जमत असेल?

ती बँडमध्ये आली तीही मजाच. वय अठरा. वेंडलच्या बसचं चाक हिनरिक्सांच्या शेताशेजारी चिखलात रुतलं होतं. जुनी शाळेची बस, टपावर दोरांनी बांधलेला डबल बास, म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, आणि आत दहा वैतागलेले वादक. एवढ्यात कुठूनशी हाक ऐकू आली. वर्ला गायींना बोलावत होती. डबल बास वाजवणारा ड्यूई हाच बसचा ड्रायव्हर. तो चिखलात गुडघे टेकून होता, तो तसाच उठून उभा राहिला.

"ही हाक पाऊण मैलावरून येतेय," तो वेंडलला म्हणाला, "आणि सुरात येतेय."

"गायी येतायत का ते बघ," वेंडल म्हणाला.

गायी आल्या. वेंडलही गेला, चिखलाच्या बुटांनी थेट तिच्या आईच्या स्वयंपाकघरात, आणि पोरीला मागून घेतलं. आईची अट एकच, की बसमध्ये तिची जागा ड्यूईच्या मागे, दुसऱ्या कुणाच्या शेजारी नाही. ड्यूई तेव्हाच साठीला टेकलेला.

तिच्या आवाजाची आणखी एक गोष्ट लोक रंगवून सांगतात. वर्ला सात वर्षांची असताना बर्फाचं वादळ आलं, घरापासून गोठ्यापर्यंत वाट सापडावी म्हणून ताणलेला दोर तुटला, आणि बाप गोठ्यातून घरापर्यंतच्या साठ पावलांत वाट चुकला. तेव्हा पोर म्हणे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गात राहिली आणि बाप त्या सुराच्या मागावर घरी पोचला. वर्लाला हे कुणी सांगितलं की ती हसायची. "गात होते मी, ते खरं. पण त्या वाऱ्यात गाणं दाराच्या उंबऱ्याबाहेरही गेलं नसेल. आई दुधाचं भांडं बडवत होती. बाबा भांड्याच्या मागावर आले." लोकांना हे उत्तर आवडायचं नाही. ते पुन्हा पोरीच्या सुराचंच सांगायचे.

तर नाचघराची एक रीत होती. पाचला पाच कमी असताना निरोपाचा वॉल्ट्झ, जोडीने गिरक्या घेत नाचायचा तो संथ नाच, वाजायचा. दुपारभर कुणी कुणाशीही नाचो, पण निरोपाला नवऱ्याने बायकोचाच हात धरायचा. तो नाचून झाला की कोट, आणि कोट झाला की घर, कारण सहाला गायी पिळायच्या. वॉल्ट्झच्या आधी एखादं जोडपं बाहेर पडलं, तर सोमवारी सकाळी दूध घालायच्या रांगेत त्यांच्याच घरच्या भांडणाची चर्चा. त्यामुळे कितीही घाई असली तरी तसं कुणी बाहेर पडायचं नाही.

मग बँड रटाळ असला तर काय करायचं? त्यालाही रीत होतीच. खुंटीवरचा कोट काढायचा, अंगात घालायचा आणि भिंतीला पाठ लावून गप्प उभं राहायचं. असे पंधरावीस कोट भिंतीशी दिसले की बँडने समजायचं, लोक वॉल्ट्झ मागताहेत. मग घड्याळात काहीही वाजले असोत, वॉल्ट्झ वाजवायचा आणि मुकाट्याने पेट्या आवरायच्या. ज्या बँडकडे एकदा चार वाजता वॉल्ट्झ मागितला गेला, त्याला थोरूप पुन्हा बोलवत नसे.

छत्तीस सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी शिकागोच्या एका बड्या बँडने वेंडलला ट्रॉम्बोन वाजवायला बोलावलं, आणि तो गेला. जाताना गाण्यांच्या कागदांची ट्रंक त्याने वर्लाच्या पुढ्यात ढकलली.

"ही तू ठेव. अर्धी गाणी तुझ्या पट्टीत लिहिलीत, दुसरी कुणी गायला गेली तर तिचा घसा फाटेल. ट्रंक गळ्याबरोबर जाते."

"आणि बँड?"

"बँड ट्रंकेबरोबर जातो. जाईल असं वाटतं."

बँडमध्ये सगळ्यात जुना एमिल. ढोल आणि झांजा त्याच्याकडे. तोंडही तसंच, सारखं वाजणारं. तो म्हणाला, "फुलदाणी बँड चालवणार? चालवू दे. उद्या ती बसही चालवेल."

"बस मी चालवतो," ड्यूई म्हणाला. "तेवढं सोडून काय ते बोल."

पहिल्याच तालमीला वर्ला उभी राहिली ती रिकाम्या नाचघराकडे तोंड करून, वादकांकडे पाठ. एमिलने काठ्या खाली ठेवल्या.

"बाईसाहेब, आम्ही इकडे आहोत."

"माहिताय मला. पण नाचणारे तिकडे असणार."

"अहो, मग मी ठेका कुणाकडे बघून धरायचा? तुमच्या पाठीवरच्या बटणांकडे?"

"हो. सहा बटणं आहेत. माझा डावा हात तिसऱ्या बटणापाशी असेल, तिकडे बघायचं. तर्जनी हलेल तो ठेका. दोन बोटं दिसली की ट्रम्पेटने उठायचं. मूठ मिटली की शेवटचा फेरा."

"आणि पाठ खाजली तर?"

"तर एमिल, तेवढ्यापुरतं तुमच्या मनाने वाजवा."

पोरं हसली. एमिल हसला नाही, पण काठ्या त्याने उचलल्या.

आता थोरूप. अॅक्सेल थोरूप हा वाळक्या अंगाचा डॅनिश माणूस, तोंडात सदा काडी, आणि आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला 'हो' म्हणालेला नाही. 'बघू' म्हणायचा. लग्नाच्या वेळी पाद्रीबाबालाही तो बघूच म्हणाला, असं त्याचीच बायको सांगायची. तो वर्लाला म्हणाला, "पोरी, बाईमाणसाचा बँड माझ्याकडे कधी वाजला नाही. एक रविवार देतो. पाच वाजेपर्यंत खुंटीवरून एकही कोट निघता कामा नये. नाही निघाला, तर मार्चअखेरपर्यंतचे सगळे रविवार तुझे. दुकानांच्या काचांत जे पुठ्ठे लावतो, त्यांच्यावर तुझं नाव. आणि निघाला, तर मिनेसोटातली अॅकॉर्डियनवाली मंडळी बोलावणं येईल म्हणून बसूनच आहेत."

"एकही म्हणजे एकही?"

"एकही."

रविवार गेले तर बँड गेलाच म्हणायचा, हे दहाही जणांना ठाऊक होतं. हिवाळ्यात बाकीची नाचघरं बंद, रस्ते बंद. एमिलने तर डेअरीतल्या मेहुण्याशी बोलून ठेवलं होतं.

तो रविवार जानेवारीचा. सकाळ इतकी मऊ उजाडली की माणसं मफलरही न घेता निघाली. एक वाजता वर्लाने खुंट्या मोजल्या. दोनशे अकरा कोट. हार्मचा पहिल्या खुंटीला, टेनाचा शेवटच्या.

आणि काय वाजवलं म्हणता त्यांनी! पाच वर्षं खुर्चीत बसून जे बघितलं होतं, ते सगळं त्या दिवशी कामाला आलं. नव्या बुटांची माणसं दिसली की ती हळूचं गाणं घ्यायची. शेगडीपाशी म्हाताऱ्यांचा घोळका जमला की त्यांच्या ओळखीचा, उड्यांचा पोल्का. ती गायची आपली तेवढीच, पाऊण मिनिट. बाकी वेळ तिचा हात तिसऱ्या बटणापाशी आणि डोळे समोर. अडीच वाजता एमिल ड्यूईच्या कानात पुटपुटला, "बटणं बरी वाजवते ही." तीन वाजले तरी एक कोट हलला नव्हता. गल्ल्यापाशी थोरूपच्या तोंडातली काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली. त्याच्याकडून एवढं म्हणजे शाबासकीच.

सव्वातीनच्या सुमाराला दार उघडलं आणि चार कोळी आत आले. नाचघराच्या मागे तळं. हिवाळ्यात ते गोठलं की ही माणसं बर्फाला भोक पाडून त्यावर खोपटं बांधायची आणि दिवस दिवस गळ टाकून बसायची. बायको बाळंत होत असली तरी भोक न सोडणारी जात. त्यांच्या पायांत दाबलेल्या लोकरीचे जाड बूट, नाचाशी संबंध नाही, खिशात हात. ते काउंटरपाशी उभे राहिले आणि कॉफीसुद्धा मागवेनात.

वर्लाचा हात बटणापाशी होता तो थांबला. ठेका एमिलने सांभाळून नेला. ही माणसं आत का आली?

मग एक उशिरा आलेलं जोडपं शिरलं. नवऱ्याने कोट झटकला. पण त्यावरचा बर्फ झडला नाही. पिठासारखा बारीक, कापडाच्या विणीत शिरलेला, काजांच्या भोकांत भरलेला, आणि आडव्या वाऱ्याने थापावा तसा सगळा एकाच बाजूला. दुसरी बाजू कोरडी. वर्लाने असा कोट एकदाच पाहिला होता, सात वर्षांची असताना, आपल्या बापाच्या अंगावर. तेवढ्यात शेगडीचं धुराडं घुमायला लागलं.

गाणं संपताच ती काउंटरपाशी गेली. "थोरूपकाका, कुणाला बाहेर सोडू नका. हा साधा बर्फ नाही."

"आकाश जरा काळवंडलंय एवढंच."

"त्या चौघांना विचारा ना, वर का आले ते."

चौघांतल्या एकाने खांदे उडवले. "खोपटं दिसेनासं झालं," तो म्हणाला. "मी आत बसलो होतो त्याच्या."

हे शेजारच्या दोघांनी ऐकलं, आणि गवताला आग लागावी तशी बातमी पसरली. बाप्ये खिडक्यांशी गेले. पण शेतकऱ्याच्या मनात वादळ म्हटलं की पहिली गोष्ट येते ती गोठा. गायी पिळायच्या राहिल्या तर सड सुजणार. आत्ता निघालो तर अर्ध्या तासात पोचू, असा प्रत्येकाचा हिशेब. पहिल्या खुंटीवरचा कोट निघाला. हार्म यान्सेन कोट घालून भिंतीला उभा राहिला. मग दुसरा, मग तिसरा. साडेतीनला भिंतीशी वीस कोट होते.

थोरूप मंचाशी आला. "वॉल्ट्झ मागताहेत ते. वाजव. हरलीस पोरी, पण चांगली हरलीस. वाजव आता."

"नाही वाजवणार."

"नाही म्हणजे?"

"वॉल्ट्झ झाला की ते जातील. मग पोचतील कुठे?"

ती मागे वळली. वॉल्ट्झचे कागद तिने सगळ्यांच्या पुढ्यांतून गोळा केले आणि आपल्या जुन्या खुर्चीवर ठेवून त्यांवर बसली. एमिल म्हणाला, "अगं, कागद कशाला? तो आम्हाला पाठ आहे. बारा वर्षं वाजवतोय."

"मग बारा मिनिटांसाठी विसरा."

भिंतीकडून हार्मचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मला कळतंय हे काय चाललंय. पाचपर्यंत माणसं राहिली तर हिला रविवार मिळणार आहेत. थोरूपनेच सांगितलंय गावभर. आमच्या गायी सुजल्या तरी चालतील, हिच्या पुठ्ठ्यावर नाव आलं पाहिजे."

दोनचार माना डोलल्या. आणि वर्लाच्या लक्षात आलं, की माणूस चुकीचं बोलत नाहीये. त्याच्या जागी तीही हेच म्हणाली असती. जोवर तिला यात काही मिळणार आहे, तोवर तिचं कुणी का ऐकावं?

ती माइकपाशी गेली. गायला जायची तशीच.

"थोरूपकाका, खुंटीवरून कोट किती निघाले?"

"वीस. एकवीस."

"म्हणजे मी हरले. सगळ्यांच्या देखत सांगते, रविवार गेले माझे. अॅकॉर्डियनवाल्यांना उद्याच निरोप धाडा." मागे दहा माणसांनी एकदम श्वास सोडला, तो तिला पाठीवर जाणवला. "आता मला यात काही नाही. तरी वॉल्ट्झ मी वाजवत नाही. आत्ता बाहेरून आलेल्या माणसाच्या कोटावर बर्फ एका बाजूला आहे, हार्मकाका. तुम्ही बघून या आणि मग बोला."

हार्मने टेनाचा कोट आणायला पाऊल उचललं. टेना शेगडीजवळ खुर्चीत होती. उठली नाही.

"चल गं."

"वॉल्ट्झ कुठे झालाय?"

"वॉल्ट्झ राहू दे. निघायचंय."

"वा. म्हणजे उद्या दुधाच्या रांगेत माझ्या नावाने गप्पा. आठवडाभर तुमच्याशी न भांडता राहिले ते काय यासाठी? मी माझा वॉल्ट्झ घेतल्याशिवाय हलत नाही."

"तू त्या पोरीच्या बाजूची झालीस?"

"मी शेगडीच्या बाजूची आहे."

लोक हसले, आणि हार्मचं डोकं फिरलं. "गाडी बघून येतो," म्हणाला, आणि दार ढकलून बाहेर पडला. गाडी दारापासून वीस पावलांवर.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. टेना आता उभी होती. दारापाशी गेलेला ड्यूई परत आला, त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. "हात पुढे केला तर हात दिसत नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला.

कुणीतरी म्हणालं, "वर्ला, तू गा. दारात उभी राहून गा. तुझ्या बापाच्या वेळी..."

"गाण्याने काही व्हायचं नाही," वर्ला म्हणाली. "एमिल, मोठी झांज घ्या."

"झांज?"

"भांडं समजा. दारात उभे राहा आणि बडवा. ठेका नको, नुसतं बडवा."

बारा वर्षं ठेका न सोडलेला माणूस तो. पण त्याने झांज खांबावरून काढली, दोन माणसांनी दार धरलं, एकाने त्याच्या कमरेला दोर बांधला, आणि एमिल उंबऱ्यात उभा राहून बडवत सुटला. बर्फ त्याच्या तोंडात, कानांत. हातमोजे नाहीत. पाव तास. टेना त्याच्या मागे उभी, तोंडावर रुमाल दाबलेला, आणि सबंध नाचघरात कुणी बूट हलवेना. मग डाव्या बाजूने, गाडी जिथे नव्हतीच त्या बाजूने, एक पांढरा आकार चाचपडत आला आणि एमिलवर कोसळला.

हार्मचा एक कान गारठून मेणासारखा पांढरा पडला होता. त्याला शेगडीपाशी बसवलं, कान हातांच्या उबेत धरला, तोंडाला कॉफी लावली. पहिले शब्द फुटले ते असे: "हे कुणी बडवत होतं? ठेक्यात मुळीच नव्हतं. थांबवायलाच आलो मी."

एमिलच्या बोटांतून रक्त येत होतं. तो म्हणाला, "तिच्या बटणांना विचार."

मग एकेक करून कोट खुंटीवर परत गेले.

त्या रात्रीचं काय सांगायचं. झोपल्यावर माणूस गारठतो, म्हणून वर्लाने सगळ्यांना नाचत ठेवलं. ट्रंकेतली सगळी गाणी संपली, मग पहिल्यापासून पुन्हा. ट्रम्पेटवाल्याचे ओठ सुजले तेव्हा तिने त्याला बसवलं आणि त्याच्या वाट्याचं स्वतः गायली. चर्चमधली गाणी झाली. शेवटी शेवटी तर ती गायींना घालायची हाक, तीही झाली, आणि तिच्यावरही म्हातारे पोल्का नाचले. थोरूपच्या बायकोने होतं तेवढं डुकराचं मांस, पाव आणि सफरचंदाचे केक कापून वाटले. नऊदहा लहान पोरं कोटांच्या ढिगावर झोपली. चार कोळी मात्र सकाळपर्यंत काउंटरला टेकून उभे होते. त्यातला एक पहाटे नाचला म्हणतात, पण तो कबूल होत नाही.

सकाळी साताला वारा पडला. आठाला ऊन. वर्लाने दार उघडायला लावलं, स्वतः बाहेर जाऊन आली, आणि मगच खुर्चीवरचे कागद वादकांच्या हातांत दिले. निरोपाचा वॉल्ट्झ झाला तो जड बुटांत आणि कोटांत. हार्मच्या डोक्याला टेनाचा रुमाल बांधलेला. नाचत मंचाजवळून जाताना तो वर्लाला म्हणाला, "माझ्या गायी सुजल्या असणार."

"असणार, हार्मकाका."

"मी विसरणार नाही हां हे."

थोरूप शब्दाचा पक्का. लोक म्हणाले, अरे, एकोणीस तास माणसं राहिली, दे तिला रविवार. तो काडी चघळत म्हणाला, "ती हरली म्हणाली. सगळ्यांच्या देखत. मी कोण तिला खोटं पाडणारा?" वर्लाही म्हणाली, बरोबर आहे. ट्रंक तिने आईच्या माळ्यावर चढवली. एमिलची बोटं बरी झाली आणि तो डेअरीत लागला. बँडवाले पांगले. वर्ला गायी पिळायला बसली. मनात एवढीच रुखरुख, की एकच दुपार मिळाली, आणि ती किती छान चालली होती.

पुढच्या रविवारी अॅकॉर्डियनवाले आले. वाजवायला उत्तम. पाचला पाच कमी असताना त्यांनी वॉल्ट्झ सुरू केला. हार्म उठला, पट्टी बांधलेल्या कानाने टेनासमोर हात पुढे केला. टेना बसून राहिली.

"आता काय झालं?"

"हे लोक डोळे मिटून वाजवतात."

"मग?"

"बाहेर हवा कशी आहे, हे कुणी बघितलंय? मी यांच्या भरवशावर बाहेर पडत नाही."

तिच्या शेजारची बसून राहिली. तिच्या शेजारचीही. वॉल्ट्झ रिकाम्या फरशीवर वाजून संपला. बायका नाचल्या नाहीत, म्हणजे वॉल्ट्झ झाला नाही. वॉल्ट्झ झाला नाही, म्हणजे निघता येत नाही. आपलीच रीत, मोडायची कुणी? अॅकॉर्डियनवाल्यांनी तो तीनदा वाजवला. पाच वीसला बायका उठल्या. त्याच्या पुढच्या रविवारी पावणेसहाला. तिसऱ्या रविवारी सहा वाजून गेले, आणि तेव्हा थोरूपच्या काउंटरवर मूठ आपटली ती हार्म यान्सेनने.

"अहो, ती पोरगी आणा. माझ्या गायी एकदा सुजल्या, आता दर आठवड्याला सुजवणार का तुम्ही?"

"बघू," थोरूप म्हणाला. पण सोमवारी सकाळी तो हिनरिक्सांच्या गोठ्यात उभा होता, टोपी हातात.

वर्लाने धार थांबवली नाही. "काय काका?"

"पुठ्ठ्यावर नाव कसं लिहायचं तेवढं विचारायला आलोय. छापणारा अडलाय."

"आधी डेअरीत जा आणि एमिलना विचारा. ते नाही म्हणाले तर नाव छापून उपयोग नाही."

एमिलने, सांगतात, पूर्ण ऐकून घेतलंच नाही. हातातला दुधाचा कॅन होता तिथे ठेवला आणि मेहुण्याला म्हणाला, झाकण तू लाव.

पुढे सोळा वर्षं तो बँड चालला. युद्धात जवान पोरं गेली तेव्हा तिने म्हातारे वाजवणारे घेतले, एक वर्षभर ट्रॉम्बोनवर गावचा दाताचा डॉक्टर होता. वेंडल ग्रूबे शिकागोहून परत आला आणि दोन वर्षं तिच्या पाठीवरच्या बटणांकडे बघून मुकाट वाजवून गेला. घरोघरी टेलिव्हिजन येईपर्यंत थोरूपचे रविवार तिचे होते.

पण हे सगळं पुढचं. फेब्रुवारीतला तिचा तो पहिला रविवार, दुकानांच्या काचांत 'वर्ला हिनरिक्स आणि तिचा बँड' असे पुठ्ठे लागलेले, आणि ती मंचावर येऊन लोकांकडे तोंड करून उभी राहिली. सवयीने तिने खुंट्या बघायला घेतल्या. दाराजवळची पहिली खुंटी रिकामी होती.

हार्म आला नाही की काय? तिची नजर ओळीने पुढे सरकत गेली. त्याचा कोट अगदी टोकाला होता, शेगडीजवळ, टेनाच्या कोटाला खेटून, एकाच खुंटीला दोन.

वर्लाने जलद गाणं ठरवलं होतं, ते सोडलं. हात पाठीमागे तिसऱ्या बटणापाशी नेला आणि तर्जनीने त्या दोघांसाठी हळू ठेका धरला.